घोळक्याचा वेग आणि आपले पाय

अनेक आशीर्वाद.

एकटी पळतेस तेव्हा काही होत नाही, पण ग्रुप रन झाला की दोन दिवस नडगी ठणकते, असं का, हे तू विचारलंस. पळता पळता सांगण्याइतकं ते छोटं नाही, म्हणून लिहितोय.

परवा सहा-सात किलोमीटरपर्यंत तुमच्या पुढच्या घोळक्याची बडबड मला मागे ऐकू येत होती. मग कुणीतरी जरा रेटलं आणि बघता बघता सगळ्यांची तोंडं बंद झाली, नुसते बुटांचे आवाज. तिथे इझी रन, म्हणजे आरामात पळायची सहज धाव, संपला आणि शर्यत सुरू झाली, हे घड्याळ न बघताही कळतं. कुणी ठरवून करत नाही हे. शेजारचा अर्धं पाऊल पुढे गेला की आपण ते भरून काढतो, मग तो आणखी सरकतो. सोबतीनं पळताना कष्ट कमी वाटतात. ग्रुपचा फायदा तो, आणि गोमही तिथेच आहे. मनाला हलकं वाटलं म्हणून हाडाला हलकं जात नाही. दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट दणका बसतो, आणि टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, तर त्याहूनही जास्त ताण येतो.

तुझ्यासारख्या नव्यानं भराभर सुधारणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. दम काही आठवड्यांत वाढतो. कंडरा आणि हाडं महिने घेतात. हाडाचं काम तर आणखी विचित्र: भार वाढला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ते आधीपेक्षा कच्चंच असतं. म्हणजे ज्या दिवसांत 'आता धापच लागत नाही' असं वाटू लागतं, नेमके तेच दिवस जपायचे.

आठवड्याला पळणं दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम तुला एव्हाना कुणीतरी ऐकवला असेलच. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी तो नवख्या धावपटूंवर तपासला आणि निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध केले. एका गटानं 13 आठवडे दहा टक्क्यांच्या हिशेबानं सावकाश वाढवलं, दुसऱ्यानं 8 आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीनं तयारी केली. दोन्हीकडे पाचांत साधारण एकाला दुखापत झालीच. मग 2025 साली पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींचा एक अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेकटी धाव महत्त्वाची ठरली: गेल्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली की दुखापतीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मला हे पटतं, कारण एका धावेत असं लांबायला ग्रुपच भाग पाडतो. महिनाभरात तुझी सर्वांत लांब धाव 12 किलोमीटरची असेल, तर 'चल गं, सोळाच तर आहेत' याला उत्तर 'मी तेराला थांबणार' हेच. आणि हे निघण्याआधी सांगून टाकायचं. ऐन वेळी सांगायला जीभ रेटत नाही.

केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे यानं 2022 साली बर्लिनला मॅरेथॉन 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांत पळून काढली. किलोमीटरला साधारण 2 मिनिटं 52 सेकंद! तोही केनियात कापतागतला ग्रुपमध्येच सराव करत आला, पण त्यांच्या सहज धावा या वेगाच्या आसपासही नसतात. आपल्याकडे मात्र ज्याला त्याला इझी रनचा पेस मिरवायचा असतो. तुझं माप सोपं ठेव: पळता पळता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही' एवढंच निघत असेल तर मागे पड. मागे आम्ही असतोच. आठवड्यात जोराचे दिवस एक, फार तर दोन, आणि ग्रुप रन चढाओढीचा होणार असेल तर तो त्यातच धरायचा.

एखादा दिवस बुडला तर बुडू दे, दुसऱ्या दिवशी दुप्पट पळून वसूल करू नकोस. आठवडाभराच्या सुट्टीनं फारसं काही उतरत नाही. बुटांवर मी जास्त बोलणार नाही, पायाला आरामशीर वाटतील ते घे. पळण्याआधीच्या ताणून धरण्याच्या स्ट्रेचिंगवरही माझा फार भरवसा नाही, पहिली दहा मिनिटं संथ पळणं हाच वॉर्म-अप. पोटऱ्यांचा व्यायाम मात्र चुकवू नकोस. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभी राहा, टाचा सावकाश वर, सावकाश खाली. काही वेळा गुडघा सरळ ठेवून आणि काही वेळा वाकवून, कारण वाकवल्यावर आतला, खोलवरचा स्नायू कामाला लागतो, आणि पळताना मोठा भार तोच उचलतो. आठवड्यातून दोन-तीनदा केलंस तरी चालेल. सोपं वाटायला लागलं की पाठीवर भरलेली सॅक घे.

आता तुझी नडगी. खुर्चीत बसून आतल्या कडेवरून, घोट्यापासून वर, एका बोटानं दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडेच हुळहुळत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त भारानं नडगीच्या आतल्या कडेला होणारं दुखणं. पळणं कमी कर, वेगाचं बंद ठेव, हळूहळू निवळेल. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ डोक्यात जात असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर पळणं आजपासून बंद आणि डॉक्टरांकडे जायचं. हाडाला बारीक चीर असली तरी सुरुवातीला ती साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे क्लिअर आहे' एवढ्यावर बूट चढवू नकोस, एमआरआय लागेल का ते विचार. निदान होईपर्यंत, डॉक्टरांची हरकत नसेल आणि दुखत नसेल, तर पोहणं चालेल. बोटानं दाबून काय कळलं ते आज संध्याकाळपर्यंत मला कळव.

तुझा,
काका