स्वादुपिंडाला ‘सूज’ की ‘दाह’?

प्रश्न असा आलाय की काकांच्या फाईलवर अक्यूट पॅनक्रियाटायटिस लिहिलंय, डॉक्टर ‘स्वादुपिंडाला सूज’ म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी दम लागून व्हेंटिलेटर लावावा लागला. तर पोटातल्या सुजेचा छातीशी काय संबंध, आणि मराठीत ‘तीव्र स्वादुपिंडदाह’ म्हणायचं का?

माझ्या मते घोळ ‘सूज’ मुळेच होतो. पाय मुरगळला तरी आपण सूजच म्हणतो, ती जागेवर येते नि जागेवर उतरते. इथे तसं नाहीये. स्वादुपिंडातले पाचकरस आतड्यात पोचल्यावर जागे व्हायचे असतात, पण पित्ताचा खडा अडकला किंवा दारूमुळे (मोठी कारणं ही दोनच) ते ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. त्यातून जे काही सुटतं ते रक्तातून अंगभर फिरतं, फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्या झिरपायला लागतात, वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या) त्या स्रावाने भरतात, वर ते मिटू नयेत म्हणून आत जो साबणासारखा थर असतो तोही फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम खराब करतं, मग कितीही ऑक्सिजन द्या, रक्तात पुरेसा उतरत नाही. हेच एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम). १९६७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये ज्या १२ पेशंटवरून हा प्रकार पहिल्यांदा मांडला गेला त्यातही एक पॅनक्रियाटायटिसचा होता. म्हणून ‘दाह’ बरा, दाह पसरतो हे कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

‘पाणी’ चंही तेच. ‘छातीत पाणी झालं’ म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा फुप्फुसाच्या बाहेर, आवरणात साठलेलं, जे सुईने काढतात. या आजारात तेही होतं, जास्त करून डाव्या बाजूला. पण एआरडीएसचं पाणी वायुकोशांच्या आत असतं, ते सुईने निघत नाही. नातेवाईक मात्र ‘पाणी काढलं का?’ विचारत राहतात, त्यांची तरी काय चूक.

आता ‘तीव्र’. अक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेला, जोरदार असा नाही. पाठ्यपुस्तकांनी अक्यूटला तीव्र केलं आणि सिव्हिअरलाही बोलताना तीव्रच म्हणतात, त्यामुळे ‘सौम्य तीव्र स्वादुपिंडदाह’ असलं विचित्र काहीतरी तयार होतं, आणि गंमत म्हणजे बरेचसे पेशंट त्याच सौम्य गटातले असतात, आठवड्याभरात घरी जातात. मी तरी ‘अचानक झालेला स्वादुपिंडदाह’ म्हणेन, आणि तुमच्या काकांचा ‘गंभीर’.