कितवा आला, या प्रश्नाला लेस्टरमध्ये उत्तर नाही

लेस्टरहून एका आईचं पत्र आलं आहे. माहेर आणि सासर दोन्ही सोलापूरचं, इंग्लंडात जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा चौदाचा. ती लिहिते:

"बाई, जुलैत मुलाच्या शाळेचा बक्षीस समारंभ झाला. गणितात नाही, विज्ञानात नाही, त्याला वेगळ्याच गोष्टीचं प्रमाणपत्र मिळालं. नव्यानं आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांसोबत तो वर्षभर मधल्या सुट्टीत बसायचा. एक सुदानचा मुलगा, एक युक्रेनची मुलगी, पुढे आणखी दोघं. आमच्या यांनी टाळ्या वाजवल्या, पण गाडीत बसल्या बसल्या विचारलं, 'आणि मॅथ्सचं काय?' प्रमाणपत्र ड्रॉवरमध्ये गेलं. साखर पेठेतून सासूबाईंचा फोन आला, 'कितवा आला?' मी काय सांगू? यांचं म्हणणं, शाळा बदलू. जिथं आपली मुलं जास्त आहेत आणि निकाल चांगला लागतो तिथं घालू. त्यात दिवाळीच्या सुमाराला शाळेत कल्चर डे आहे. फेटा आणि झब्बा मागवून ठेवलाय, हा घालायला तयार नाही."

अगं, तुझं पत्र वाचून मी आधी कपाटातली जुन्या वर्गफोटोंची पिशवी काढली.

एकतीस वर्षं मी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या माध्यमिक शाळेत शिकवलं. शाळा मराठी माध्यमाची, पण वर्गात निम्म्यांहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू. वडील मागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळणारी. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दख्खनी, दोन-चार मारवाडी. मैदानावर मात्र सगळ्यांची भाषा एकच, "काय बे!" एका वर्षी आठवीत अक्कलकोटकडची एक मुलगी आली. सातवीपर्यंत तिचं शिक्षण कन्नडमधून झालेलं. पहिला महिना तिनं तोंडसुद्धा उघडलं नाही. तिच्या शेजारी बसणारी मुलगी पद्मशाली, घरी तेलुगू, म्हणजे मराठी तिचीही घरची भाषा नव्हे. तिनं काय केलं, तर आधी शेजारणीकडून कन्नड शिकली आणि मग त्या कन्नडमधून तिला मराठी शिकवली. दिवाळीनंतर त्या नव्या मुलीनं वर्गापुढे उभं राहून धडा वाचला, अडखळत पण शेवटपर्यंत. सगळा वर्ग ऐकत होता.

शेजारी बसणारी ती पोर परीक्षेत वर्गात बारावी-तेरावी यायची. स्नेहसंमेलनात बक्षिसं पहिल्या तिघांना. नावं पुकारायला माईकसमोर दरवर्षी मीच. तिचं नाव मी एकदाही पुकारलं नाही. तशी पद्धतच नव्हती असं म्हणून स्वतःची समजूत काढता येईल, पण मला ती काढायची नाही. नवा बक्षीसप्रकार सुरू करायला मुख्याध्यापकांना एक अर्ज पुरला असता.

तुझ्या मुलाच्या शाळेनं तो अर्ज केला आहे असं समज. ते प्रमाणपत्र उत्तेजनार्थ नाही. चौदाव्या वर्षी मित्रांचं टोळकं सोडून, बोलायला भाषा नसलेल्या पोराशेजारी डबा उघडून बसणं किती अवघड असतं ते आठवून बघ. आणि तेही एक दिवस नव्हे, वर्षभर.

आता मुलाच्या बाबांविषयी. त्यांच्यावर रागावू नकोस. ते ज्या सोलापुरात वाढले तिथं दहावीच्या निकालादिवशी बोर्डात कोण आलं याचीच चर्चा असायची, पेपरात फोटो यायचा, गल्लीत पेढे वाटले जायचे. परमुलखात आपल्या पाठीशी ना जमीन ना ओळखी, आहे ते शिक्षण. त्यांच्या त्या प्रश्नामागे भीती आहे आणि ती खरी आहे. म्हणून गणिताचा विषय टाळू नका, फक्त तो बक्षिसाच्या संध्याकाळी काढू नका. तिथली शाळा नंबर काढत नाही. जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेला, ९ ते १ अशी श्रेणी असते. ९ सर्वांत वरची, ४ म्हणजे उत्तीर्ण, ५ म्हणजे चांगल्यापैकी उत्तीर्ण, आणि पुढे ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीसारख्या टप्प्याला, गणित घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी ६ किंवा ७ तरी मागतात. पेरेंट्स इव्हनिंगला दोघांनी जा आणि तीनच गोष्टी विचारा: त्याचं टार्गेट ग्रेड किती, सध्या तो कुठं आहे, आणि या दोन्हींमधलं अंतर नेमकं कुठल्या धड्यांमुळे आहे. बीजगणित कच्चं आहे का भूमिती, हे कळलं की बाबांची काळजी कामाला लागेल. रोज अर्धा तास बाप-लेकानं मिळून बसायचं.

निकालाबद्दल आणखी थोडं. शाळांचे तक्ते बघताना फक्त वरचे ग्रेड किती मुलांना मिळाले एवढंच बघू नका. तिथं प्रोग्रेस एट नावाचं एक मापन आहे. प्राथमिक शाळा सोडताना साधारण सारख्याच पातळीवर असलेल्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत, या शाळेतली मुलं जीसीएसईपर्यंत किती पुढे सरकली, हे ते सांगतं. परक्या भाषेतून येणारी मुलं जिथं जास्त, अशा शाळेचं काम त्यात कच्च्या निकालापेक्षा नीट दिसतं. कोविडमुळे २०२० आणि २०२१ साली प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षा झाल्या नाहीत, त्यामुळे त्या मुलांसाठी हा आकडा निघत नाही. तेवढं लक्षात ठेवून बघा.

आणि शाळा बदलायची असेल तर आत्ता तर मुळीच नको. सप्टेंबरात तो इयर टेनला जाईल, जीसीएसईचे विषय त्यानं निवडून झालेले असतील. नव्या शाळेत त्याच विषयांना जागा मिळेलच असं नाही. शिवाय तिथं परीक्षा मंडळं वेगवेगळी. एक शाळा एक्यूएचा अभ्यासक्रम घेते, दुसरी एडेक्सेलचा, तिसरी ओसीआरचा. मधेच उडी मारली की अर्धं शिकलेलं वाया जातं. हे झालं व्यवहाराचं.

पण "आपली मुलं" हा शब्द मला खटकला. तुझे यजमान चार हुतात्मा चौकातून कितीदा गेले असतील! मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. यांतला आपला कोण, असं सोलापुरात कुणी विचारत नाही. यजमानांना एकदा विचार, आपल्या लेकाच्या डब्याशेजारी बसणारा सुदानचा मुलगा "आपला" व्हायला अजून किती वर्षं लागतील?

आपल्याच जिल्ह्यातलं अलीकडचं उदाहरण हवं असेल तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. अंतिम फेरीत त्यांच्यासोबत आणखी नऊ शिक्षक होते, वेगवेगळ्या देशांतले. डिसल्यांनी अर्धी रक्कम त्या नऊ जणांत वाटून टाकली. तेव्हा आपल्या गावात सगळ्यांनी माना उंचावल्या. मग आपल्याच घरातलं पोर मधली सुट्टी वाटून टाकतं तेव्हा गाडीत मॅथ्स का आठवावं?

एका गोष्टीची मात्र काळजी घे. अशा मुलाच्या खांद्यावर मोठी माणसं हळूहळू ओझं टाकतात. आमच्या शाळेत आठवी-नववीची पोरं आईला मराठी येत नाही म्हणून पालकसभेत दुभाषी व्हायची. आईच्या दवाखान्यात, वडिलांच्या मालकाकडे, सगळीकडे तीच. त्यांच्या डोळ्यांत दिसायचं की ऐकू नये ते ऐकलंय. तुझ्या मुलानं नव्या मुलाला कँटीन दाखवावं, गृहपाठ समजावून सांगावा, फुटबॉलमध्ये घ्यावं. पण कुणाच्या घरची अडचण, आजारपण, भांडण यांचं भाषांतर करायला शाळा त्याला बोलावू लागली तर तू नम्रपणे "नाही" म्हण. ते मोठ्यांचं काम आहे. आठवड्यातून एखादी सुट्टी त्याची स्वतःची असू दे, हेही त्याला सांग. चांगल्या मुलांना ते सांगावं लागतं.

त्याला हे काम रीतसर करायचं असेल तर शाळेत ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड हा मुलांसाठीचा उपक्रम आहे का विचार. त्याची पहिली पायरी ब्राँझ, ती इयर नाइनपासून सुरू करता येते. स्वयंसेवा, व्यायाम, एखादं कौशल्य हे तिन्ही तीन-तीन महिने, त्यांपैकी एक आणखी तीन महिने, आणि दोन दिवस एका रात्रीची मोहीम, बहुतेकदा पायी. नव्या मुलांना मदत करणं स्वयंसेवेत धरलं जाऊ शकतं, मात्र त्याची नोंद घरच्या माणसाने करायची नसते. पुढे विद्यापीठाच्या अर्जातही हे विचारतात. युकास ही तिथली विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था. २०२६ च्या प्रवेशापासून तिच्या अर्जात जे तीन प्रश्न आहेत, त्यांतला एक शिक्षणाबाहेर काय केलंस याचाच आहे. पण अर्जात लिहायला मिळावं म्हणून त्यानं ते करू नये. तो आधीच त्याशिवाय करतो आहे.

आता कल्चर डे. माझं मन खरं तर इथंच अडकलंय.

फेटा त्यानं आयुष्यात किती वेळा बांधलाय? एखाद्या लग्नात, आत्यानं जबरदस्तीनं. मग वर्गमित्रांपुढे तो घालून उभं राहणं म्हणजे त्याच्यासाठी सोंग. नको म्हणतो त्यात त्याचं चुकत नाही. फेटा कपाटात ठेव आणि त्यालाच विचार, "सोलापूरचं तुला काय सांगावंसं वाटतं?" गप्प बसला तर दोन गोष्टी त्याच्यापुढे ठेव.

पहिली, भाकरी. शेंगाचटणी न्यायचा मोह होईल, पण थांब. शेंगदाण्याची ॲलर्जी काही मुलांच्या जिवावर बेतते, त्यामुळे तिथल्या बऱ्याच शाळांत दाणे आणूच देत नाहीत. आधी ऑफिसात विचार, आणि चटणी घरीच ठेव. कडक भाकरी ने. ज्वारीचं मूळ आफ्रिकेत, सुदानच्या बाजूला. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि मंगळवेढ्याच्या काळ्या मातीत अशी रुजली की आपण त्याला ज्वारीचं कोठार म्हणू लागलो. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून पातळ पोळी करतात, तिला किसरा म्हणतात. तुझ्या मुलाच्या त्या मित्राच्या आईला नक्की येत असेल. एका टेबलावर मालदांडीची भाकरी आणि शेजारी किसरा, दोन्हीसमोर दोन्ही पोरं. याला फेटा लागत नाही. त्या आईला आमंत्रण द्यायला तू स्वतः जा. तिला इंग्रजी येत नसेल, तुला अरबी येत नाही, पण पिठाची पिशवी उघडून दाखवलीस की पुरे.

दुसरी, डॉक्टर कोटणीस. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूर. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले, जखमी सैनिकांवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या. क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथंच गेले. चीनमध्ये ते के दिहुआ या नावानं ओळखले जातात. मुलाच्या वर्गात कुणी चिनी असेल तर त्याच्या आजीला हे नाव माहीत असेल. परक्या देशात जाऊन तिथली भाषा आधी शिकणारा माणूस तुमच्या गावचा होता, हे त्याला सांग. मधल्या सुट्टीत तो काय करत होता, हे त्याचं त्याला उमजेल.

तुम्ही दोघांनीही शाळेत नुसतं पाहुण्यासारखं जाऊ नका. महिन्यातून एखाद्या दुपारी वाचनाला किंवा गणिताच्या क्लबाला मदत करता येईल का विचारा. नियमित जायचं तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, लागते, स्वयंसेवकांना तिचे पैसे पडत नाहीत. गणिताचा ध्यास यजमानांना आहे ना, मग त्या क्लबात तेच जाऊ देत.

मराठीचं एक: जीसीएसईला गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू घेता येते, मराठी नाही. तेव्हा ती घरातच सांभाळावी लागणार.

राहता राहिल्या सासूबाई. "कितवा आला?" याला उत्तर नाही म्हणून घाबरू नकोस. साखर पेठेत उभा जन्म काढलेल्या बाईला तेलुगू शेजारीण, कन्नड भाजीवाली, उर्दू बोलणारा शिंपी हे सगळं रोजचं. ड्रॉवर उघड, प्रमाणपत्र काढ आणि रविवारी फोन लावून मुलाच्या हातात दे. तू काही बोलू नकोस. त्यात काय लिहिलंय ते त्यानंच आजीला मराठीत सांगू दे, अडखळला तरी चालेल. फोन मात्र स्पीकरवर ठेव आणि बाबांना त्या खोलीत बसव.