वाचकांचे प्रश्न : जुने ब्रिटिश चित्रपट आणि नव्या डिस्क

प्रश्न : 1948 सालच्या 'द रेड शूज'ची ब्लू-रे डिस्क मी नुकतीच घेतली. त्या काळी हाय-डेफिनिशन कॅमेरेच नव्हते, मग हे चित्र हाय-डेफिनिशन कसे म्हणायचे? शिवाय चित्रावर बारीक कण सतत हलताना दिसतात. एवढे पैसे मोजल्यावर ते साफ करून मिळायला नकोत का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चित्र अस्पष्ट दिसण्याचा दोष जुन्या कॅमेऱ्यांचा नव्हता, तो आपल्या घरातल्या टी.व्ही.चा आणि कॅसेटचा होता. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हवर 1948 सालीही भरपूर बारकावे उमटत असत. ते घरी बसून पाहायची सोय मात्र फार उशिरा झाली. ब्रिटनमधल्या डीव्हीडीच्या एका चौकटीत सुमारे 4 लाख 15 हजार बिंदू मावतात, ब्लू-रेच्या चौकटीत 20 लाखांहून अधिक. म्हणजे तपशील फितीवर होताच, फक्त तो तिथून नीट उचलून आणावा लागतो, आणि खरे कष्ट त्यातच आहेत.

आपल्या चित्रपटाचेच पाहा. तो टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या जुन्या पद्धतीने चित्रित झाला. त्या पद्धतीत कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल फिती फिरत आणि लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाची नोंद वेगवेगळ्या फितीवर होई. 134 मिनिटांच्या चित्रपटाच्या एका फितीवर 1 लाख 93 हजारांच्या आसपास चौकटी भरतात, म्हणजे तिन्ही मिळून पावणेसहा लाखांच्या वर. वर्षे गेली तशा या फिती आकसल्या, पण सारख्या प्रमाणात नाही. त्यामुळे तीन रंग एकमेकांवर नेमके बसेनात आणि आकृत्यांच्या कडेला रंगीत किनार दिसू लागली. त्यातच, पावसाळ्यात कपाटातल्या जुन्या अल्बमवर चढते तशी बुरशी निगेटिव्हवर चढली होती. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने, जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्याने, या मूळ निगेटिव्हचे 4के (म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक) स्कॅनिंग करून घेतले, तिन्ही रंग पुन्हा जुळवले, बुरशीचे डाग काढले, आणि 2009 साली कान महोत्सवात तो चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेझी यांनी, तसेच 'द रेड शूज'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक मायकेल पॉवेल यांच्या पत्नी, संकलक थेल्मा स्कूनमेकर, यांनी या कामासाठी दाखवलेली तळमळ कौतुकास्पद आहे. नायिका मॉइरा शिअररचे तांबडे केस आणि ते लाल बूट या दोन लालांतला फरक आज घरच्या पडद्यावर दिसतो, तो या खटाटोपामुळे.

आता कणांविषयी. बुरशी, ओरखडे, धूळ ही घाण आहे आणि ती काढलीच पाहिजे. कणांचे तसे नाही. निगेटिव्हवरचे चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनीच घडलेले असते. नाक, पापण्या, कापडाची वीण, सगळे त्यांतूनच उभे राहते. संगणकाने हे कण पुसता येतात, परंतु त्यांच्याबरोबर त्वचेची रंध्रे आणि सुरकुत्याही जातात आणि माणसे मेणाची दिसू लागतात. असे 'गुळगुळीत' केलेले काही जुने चित्रपट मी पाहिले आहेत आणि मला त्यांचे मनापासून वाईट वाटते, कारण छायालेखकाने जपून टिपलेला चेहराच तिथे उरत नाही. 'द रेड शूज'चे छायालेखक जॅक कार्डिफ यांच्यासारख्याच्या कामाच्या बाबतीत तर असे मुळीच होऊ नये. तेव्हा आपली डिस्क सदोष नाही. टी.व्ही.मध्ये 'नॉइज रिडक्शन' नावाची सोय चालू असेल, तर उलट ती बंद करा.

जाता जाता एक गोष्ट. ब्रिटनच्या जुन्या डीव्हीडींवर सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट 25 चौकटींच्या वेगाने धावत असे. हा चित्रपट त्यामुळे सुमारे पाच मिनिटे लवकर संपे आणि संगीताची पट्टीही थोडी चढे. ज्या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळाले, ज्याचा गाभाच एक प्रदीर्घ बॅले आहे, त्याच्या बाबतीत ही उणीव लहान नव्हती. ब्लू-रेवर मूळ वेग मिळतो.

प्रश्न : मुलीने लंडनहून आणलेल्या ब्लू-रे डिस्क आमच्या प्लेअरवर लागत नाहीत. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडले आहेत. ब्रिटन 'बी' विभागात येते, भारत 'सी' विभागात. वेष्टनाच्या मागे फक्त 'बी' छापलेले असेल, तर ती डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. ए, बी, सी ही तिन्ही अक्षरे असतील तर चालेल. 4के अल्ट्रा एचडी डिस्कना विभागाचे बंधन नसते, मात्र त्यांना प्लेअर वेगळा लागतो. पुढच्या वेळी मुलीला घेण्याआधीच पाठची बाजू पाहायला सांगा.

प्रश्न : 'द थर्ड मॅन' लावला की डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे राहतात. चित्र पूर्ण पडदाभर कसे करावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कृपया करू नये. 1949 सालचा हा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी चित्रित झाला आहे. ती ताणली तर माणसे बुटकी आणि रुंद होतात. वाढवून बसवली तर डोके किंवा पाय कापले जातात. व्हिएन्नाच्या ओल्या रस्त्यांवरच्या लांबच लांब सावल्या आणि मुद्दाम तिरक्या धरलेल्या चौकटी यांची रचना छायालेखक रॉबर्ट क्रास्कर यांनी त्या मापातच केली होती. टी.व्ही.च्या मेनूमध्ये चित्राचे माप 'ओरिजिनल' ठेवा आणि खोलीतला दिवा मालवा. अंधारात पट्टे डोळ्यांना खुपत नाहीत.