पावसाळा सरला, एटीव्ही सुरू होईना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायला आमच्याकडे ११० सीसीची जुनी एटीव्ही (वाळूतही चालणारी, जाड टायरांची चारचाकी) आहे. मेअखेरीस झाकून ठेवली होती. आता चोक ओढला तरच सुरू होते आणि चोक काढला की बंद पडते. रेस दिली की चालते, सोडली की मान टाकते. मेकॅनिक नवा कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) बसवा म्हणतो. बसवावा का?
— एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : इतक्यात नको. ही लक्षणं पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पितळी नळी, तुंबल्याची आहेत. रेस सोडल्यावर इंजिनाला पेट्रोल याच जेटमधून मिळतं आणि या आकाराच्या कार्बोरेटरमध्ये त्याचं भोक जेमतेम ०.३५ ते ०.४० मिमी असतं. चोकने हवा अडते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून तेवढ्यापुरतं इंजिन तग धरतं. रेस दिल्यावर मोठ्या भोकाचा मेन जेट कामाला लागतो, म्हणून तेव्हाही चालतं.

फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, राहिलेलं पेट्रोल चार महिन्यांत उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. सगळ्यात बारीक भोक सगळ्यात आधी बुजतं. त्यात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. जेटचं तोंडही तळालाच असतं.

म्हणून आधी पेट्रोल तपासा. चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून चेंबरमधलं आणि कॉककडून (टाकीखालच्या पेट्रोलच्या चावीकडून) टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, किंवा पेट्रोल गडद होऊन त्याला आंबूस वास येत असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करा. हे न करता साफ केलेला कार्बोरेटर पुन्हा तुंबणारच.

काम उघड्यावर, इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करा. आसपास विडी-काडी पेटवू देऊ नका. चेंबरचे स्क्रू खाऱ्या हवेने जाम झालेले असतात. आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा, नाहीतर मऊ डोकी फिरतात. चेंबरच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर पाण्याने ॲल्युमिनियम खाल्लं आहे, असं समजा. ती पूर्ण पुसून काढा.

पायलट जेट मेन जेटच्या शेजारी, खोल भोकात असतो. तो काढून उजेडासमोर धरा. स्वच्छ, गोल ठिपका दिसला पाहिजे. अर्धवट किंवा धूसर दिसला तर अजून घाण आहे. तार, टाचणी किंवा सुई त्यात कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. मासेमारीचा ०.२० मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) मात्र चालतो. फ्लोट (चेंबरमधला तरंगता भाग), त्याने उघडझाप होणारी पेट्रोलची सुई आणि सगळ्या रबरी रिंगा बाजूला काढा, मगच कार्ब क्लीनर मारा, कारण त्याने रबर फुगतं. बरीच कामं पुढच्या पायरीला फसतात : जेट साफ होतो, पण त्याच्या पुढची वाट बंदच राहते. जेट काढलेल्या भोकात क्लीनरची नळी धरून फवारा आणि इंजिनाकडच्या बाजूला, थ्रॉटलजवळच्या (रेस दिल्यावर उघडणाऱ्या झडपेजवळच्या) बारीक भोकांतून धार येते का पाहा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मिक्स्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात, ते मोजून लिहून ठेवा. जोडताना तेवढाच उघडा ठेवा. आकडा माहीत नसेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा आणि इंजिन पाच मिनिटं गरम झाल्यावरच जुळवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर हवा वाढते, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढतं. ही गल्लत फार होते.

एवढं करूनही चोकवरच चालली, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर तिथून हवा घुसते आहे. तिथली रिंग किंवा मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारी नळी) बदला. आतल्या वाटा कुरतडल्या असतील किंवा आटे गेले असतील, तरच नवा कार्बोरेटर घ्या.

पुढच्या मे महिन्यात गाडी ठेवताना कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग ड्रेन स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा. आज जे काम करता आहात, ते याने वाचेल.

प्रश्न : कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून पेट्रोल ठिबकतं. इंजिन ऑइलची पातळीही वाढलेली दिसते. गाडी चालवली तर चालेल का?
— एक वाचक, कर्दे (ता. दापोली)

उत्तर : अजिबात चालवू नका. वाढलेली पातळी म्हणजे पेट्रोल सिलिंडरमधून उतरून ऑइलमध्ये मिसळलं आहे. ऑइल मोजायच्या दांडीचा वास घ्या, लगेच कळेल. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. आधी गळती दुरुस्त करा, मग ऑइल बदला आणि त्यानंतरच स्टार्ट करा.

गळतीचं मूळ फ्लोटच्या सुईत असतं. तिच्या रबरी टोकावर गोल चर पडली असेल तर ती बदलावी लागेल. वाळूचा एक कणही सुईला पुरती बसू देत नाही, म्हणून सुईची बैठक कापसाच्या काडीने पुसा आणि टाकी ते कार्बोरेटर या नळीत फिल्टर नसेल तर बसवा. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटला आहे. जोडण्याआधी चाचणी करा : चेंबर काढलेला कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बसते, आणि पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ नळी लावून हलकेच फुंका. हवा जाता कामा नये. आणि गाडी उभी केली की कॉक बंद करायची सवय लावा.

प्रश्न : आंब्याच्या बागेत पेट्या वाहायला एटीव्ही वापरतो. पंधरा मिनिटं छान चालते, मग चढावर दम तोडते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. कार्बोरेटर दोनदा साफ झाला.
— एक वाचक, देवगड

उत्तर : तिसऱ्यांदा खोलू नका. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलं आहे. फरक पडला नाही, तर झाकण लावून, इंजिन गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहा. गरम झाल्यावर ठिणगी जात असेल तर दोष ठिणगीच्या कॉइलमध्ये किंवा सीडीआयमध्ये (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत) आहे. मात्र ही तपासणी पेट्रोलचा वास विरल्यावर, प्लगच्या भोकापासून लांब करा.

प्रश्न : १५० सीसीची ऑटोमॅटिक एटीव्ही जागेवर छान चालते, पण ओढत नाही. कधी काळा धूरही टाकते.
— एक वाचक, तारकर्ली (ता. मालवण)

उत्तर : या इंजिनांवर बहुधा व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीने आतला पिस्टन वर उचलणारा, कार्बोरेटर असतो. वरचं झाकण काढून आतला रबरी पडदा उजेडासमोर ताणून पाहा. टाचणीएवढं भोक असलं तरी तो पिस्टन वर उचलला जात नाही आणि गाडी ओढत नाही. पडदा चिकटवू नका, बदला. धुरासाठी आधी फिल्टरचा फोम पाहा : वाळूने भरला असेल तर रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा, फोमचं तेल लावून पिळून बसवा. हाताला फोमचे तुकडे लागत असतील तर नवा घ्या, कारण ते तुकडे कार्बोरेटरमध्ये जातात. मग इलेक्ट्रिक चोक काढून त्याला १२ व्होल्ट द्या. पाच मिनिटांत त्याची पिन बाहेर सरकली नाही, तर चोक कायम चालूच राहतो आणि धूर त्यातूनच येतो.