सिंथेसायझरवर ढोल-ताशा: आघात आणि घुमारा वेगळे बांधावेत

कोपरखैरण्याहून आपण विचारले आहे की, दोन ऑसिलेटरच्या (ध्वनिलहर निर्माण करणाऱ्या भागांच्या) सिंथेसायझरवर ढोल बांधायला घेतला की बाटलीवर टिचकी मारल्यासारखा ‘टुंग’ आवाज येतो आणि ताशाच्या जागी स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर ऐकू येते. आपल्या वर्णनावरून यंत्रात काही उणे दिसत नाही. आघात आणि घुमारा ही दोन निराळी कामे आपण एकाच एन्व्हलपकडून (ठोक्यानंतर आवाज किंवा स्वर कसा बदलत जातो हे ठरवणाऱ्या भागाकडून) करून घेत आहात, एवढेच.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिराच्या परिसरात पथकाजवळ उभे राहून ऐकले असेल, तर टिपरू (ढोलाची काठी) पानावर (ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर) पडते तो क्षण आणि त्यानंतर पोटात उतरणारा घुमारा हे वेगवेगळे जाणवले असतील. जोराचा आघात झाला की पानाचा ताण क्षणभर वाढतो, त्यामुळे स्वर चढतो आणि कंपन ओसरू लागताच खाली येतो. हा उतार पिचच्या (स्वराच्या उंचीच्या) एन्व्हलपने आणावा लागतो. साइन लहर (उपस्वर नसलेली साधी लहर) सुमारे ६० हर्ट्झवर ठेवावी, पिच दोन सप्तके वरून, म्हणजे २४० हर्ट्झपासून, ३० ते ४० मिलीसेकंदांत खाली आणावा आणि आवाजाच्या एन्व्हलपमध्ये अटॅक (आवाज चढण्याचा वेळ) शून्य, सस्टेन (टिकून राहणारी पातळी) शून्य, डिके (ओसरण्याचा वेळ) ३०० मिलीसेकंदांच्या आसपास ठेवून कानाने कमी-जास्त करावा. पिचचा उतार लांबला की ढोलाऐवजी खेळण्यातली बंदूक वाजते. माझ्या पहिल्या चार-पाच पॅचेसची (यंत्रावर बांधलेल्या आवाजांची) हीच गत झाली होती. आपल्या यंत्रात साइन लहर नसेल तर फिल्टरचा रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारे बटण) फिल्टर स्वतः गाऊ लागेपर्यंत वाढवावा, ऑसिलेटर बंद करावेत आणि तोच उतार कटऑफला (फिल्टर जिथून आवाज कापतो त्या बिंदूला) द्यावा.

टिपऱ्याचा ‘टक’ दुसऱ्या ऑसिलेटरकडे न देता नॉइजकडे (ठरावीक स्वर नसलेल्या खरखरीकडे) द्यावा आणि त्याचा डिके १० मिलीसेकंदांहून फार वाढू देऊ नये. ऑसिलेटरची लहर प्रत्येक ठोक्याला आरंभापासून सुरू होते ना, हेही तपासावे. ती जिथे असेल तिथून सुरू झाली तर एक ठोका धारदार आणि पुढचा बोथट येतो, आणि दोष कशात आहे ते दिवसभर सापडत नाही. दुसऱ्या बाजूची हाताची थाप हा स्वतंत्र पॅच समजावा.

ताशाची खरखर होते, कारण त्यात नुसता नॉइज आहे. ताणलेल्या गोल पडद्याचे उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर) मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात. आदर्श पडद्याचा दुसरा स्वर पहिल्याच्या सुमारे १.५९ पट असतो. म्हणून दोन ऑसिलेटर एकमेकांपासून साधारण आठ अर्धस्वरांवर ठेवून त्यांचा डिके ६० ते ८० मिलीसेकंद करावा आणि खालचा भाग कापलेला नॉइज त्यात बेतानेच मिसळावा. काड्यांच्या जलद वादनात प्रत्येक ठोका आधीच्याची शेपटी तोडत असेल तर एकस्वरी मोड सोडून दोन-तीन आवाज मोकळे ठेवावेत.

हेच माप तबल्याला लावले तर फसगत होईल. शाईमुळे (पुडीवरच्या काळ्या लेपामुळे) तबल्याचे उपस्वर जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडले होते, त्यामुळे तिथे दुसरा ऑसिलेटर नेमका एक सप्तक वर ठेवावा. डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने चढणारा स्वर मात्र एन्व्हलपने कृत्रिम वाटतो, तो पिचच्या चाकाने हाताने वाजवलेलाच बरा.

झांजेचा हट्ट दोन ऑसिलेटरवर धरू नये. रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्ये झांजेच्या आवाजासाठी सहा चौकोनी लहरी एकत्र केल्या आहेत. आपल्याकडे रिंग मॉड्युलेशन (दोन लहरींचा गुणाकार करून धातूसारखा आवाज देणारी सोय) असेल तरच प्रयत्न करावा.

शेवटी ऐकण्याविषयी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत हेडफोनवर भरदार वाटलेला ढोल भोंग्यावर अजिबात ऐकूच आला नाही, कारण ६० हर्ट्झ वाजवणे भोंग्याच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हापासून मी पॅचला किंचित ओव्हरड्राइव्ह (लहर मुद्दाम थोडी विकृत करणे) देतो. त्यातून निघणारे १२० आणि १८० हर्ट्झचे उपस्वर लहान स्पीकरवरही मूळ स्वराचा भास टिकवतात.