पीप लावलीत, आता पुढची माशी कुठली? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पीप साइटवाल्या, म्हणजे मागच्या छोट्या गोल भोकातून नेम धरायच्या, शिकारी रायफलींबद्दल यावेळी जे प्रश्न आलेत ते जवळपास सगळे फ्रंट साइटचे, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या माशीचे आहेत, आणि मला हे मनापासून आवडलं. कारण होतं असं की लोक मागच्या पीपवर भरपूर विचार करतात, पैसे घालतात, आणि पुढे रायफलसोबत जी माशी आली तीच वर्षानुवर्षं ठेवतात. पीपचं काम डोळा आपोआप करतो, गोल भोकातून बघताना मध्य शोधायला त्याला सांगावं लागत नाही, त्यामुळे तुम्ही जाणीवपूर्वक बघायची ती एकच गोष्ट उरते, पुढची माशी. ती अंधुक उजेडात, घाईत दिसली नाही तर मागची पीप कितीही भारी असो, काही उपयोग नाही.

प्रश्न : लिव्हर ॲक्शन रायफलवरची बॅरलवरची (नळीवरची) उघडी, खाचेची साइट काढून रिसीव्हरवर (नळीच्या मागच्या धातूच्या भागावर) पीप बसवली. पीप पार खाली आणली तरी ५० मीटरवर गोळी १० सेमी वर लागते. पीपच खराब आहे का?

पीप ठीक आहे, माशी बुटकी पडतेय. रिसीव्हरवरची पीप ही जुन्या उघड्या साइटपेक्षा बहुतेक वेळा उंच बसते, आणि मागचं वर गेलं की पुढचंही वर जायला हवं. नियम सोपा आहे, गोळी जिकडे चुकते तिकडे माशी न्यायची. वर लागते तर माशी उंच करा, डावीकडे लागते तर माशी डावीकडे सरकवा. (मागच्या साइटचं बरोब्बर उलटं असतं, इथेच सगळे गोंधळतात.)

किती उंच हे अंदाजाने ठरवू नका, हिशोब करा. चूक गुणिले दोन्ही साइटमधलं अंतर, भागिले निशाण्याचं अंतर. तुमच्या रायफलवर पीप ते माशी समजा ६५० मिमी असेल तर १०० मिमी × ६५० ÷ ५०,००० = १.३ मिमी. म्हणजे आत्ताच्यापेक्षा १.३ मिमी उंच माशी घेतली की पीप पार तळाला असताना गोळी जागेवर येईल, पण तसं नका करू, अजून थोडी उंच घ्या, म्हणजे पीप तिच्या ॲडजस्टमेंटच्या साधारण मध्यावर येईल आणि उद्या गोळीचं वजन बदललं तर वरखाली करायला जागा राहील. आणि विकत घेताना उंची कुठून मोजलीय ते विचारा, कोणी डव्हटेलच्या (माशी आडवी सरकवून बसवतात त्या तिरप्या कडांच्या खाचेच्या) तळापासून मोजतं, कोणी बॅरलच्या पृष्ठभागापासून, या एका फरकामुळे चुकीची माशी घरी येते.

साधी लोखंडी पोस्ट (उभ्या खुंटीसारखी माशी) असेल तर जास्त उंच घेऊन कानशीने खाली आणता येते. वरच्याच मापाने ०.१ मिमी घासलं की ५० मीटरवर गोळी साधारण ८ मिमी वर सरकते. म्हणून दोन हात मारा, रायफल रिकामी आहे हे बघूनच, मग परत तीन गोळ्यांचा ग्रुप घ्या (एकाच नेमावर झाडून भोकं कुठे पडतात ते बघा), मग पुन्हा दोन हात. घासलेलं परत येत नाही. बीड (टोकाला गोल मणी असलेली) किंवा फायबरवाली (उजेड गोळा करणारी रंगीत काडी बसवलेली) माशी मात्र अशी घासता येत नाही, ती मोजूनच घ्यावी लागते.

प्रश्न : गोल पितळी बीड चांगली की सपाट माथ्याची चौकोनी पोस्ट? आणि जाडी किती?

माझं मत स्पष्ट आहे, एकच घ्यायची असेल तर सपाट माथ्याची पोस्ट, आणि तिच्या तोंडाला, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूला, रंग. बीड पटकन दिसते हे खरंय, दाट झाडीत २०-३० मीटरवर धावतं जनावर असेल तर ती उत्तम चालते, पण तिच्यात दोन अडचणी आहेत ज्या दुकानात कळत नाहीत.

पहिली उंचीची. गोळी बीडच्या माथ्यावर लागणार की मध्यावर? गोल वस्तूला नेमकी वरची कड नसते, त्यामुळे आज तुम्ही मध्य धरता, उद्या माथा, आणि ग्रुप उभा लांबतो. चौकोनी पोस्टला सरळ कड असते, ती कड जिथे टेकवली तिथे गोळी, विषय संपला. दुसरी अडचण उन्हाची. चकचकीत गोल बीडवर उजवीकडून ऊन पडलं तर तिची उजवी बाजूच चमकते, डोळा त्या चमकेलाच माशी समजतो, ती चमक जनावरावर ठेवली की खरी माशी डावीकडे असते आणि गोळीही डावीकडे जाते. उन्हापासून लांब. सकाळी झिरो केलेली (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली) रायफल संध्याकाळी "बिघडली" अशी तक्रार येते त्यात बऱ्याचदा हेच असतं. बीडच हवी असेल तर सपाट तोंडाची घ्या, घुमटासारखी फुगीर नको.

जाडीबद्दल लोक फारच बेफिकीर असतात. डोळ्यापासून माशी ८०० मिमी लांब धरा. १.६ मिमीची माशी १०० मीटरवर २० सेमी झाकते, २.४ मिमीची ३० सेमी. मध्यम हरणाचा हृदय-फुफ्फुसाचा भाग साधारण २० सेमीच्या आसपास असतो, म्हणजे जाड माशीने तुम्ही तो पूर्ण झाकून वर आजूबाजूचंही झाकता आणि मग अंदाजाने ट्रिगर ओढता, जे जनावरावर अन्याय आहे. ५० मीटरच्या आत शिकार असेल तर २.४ चालेल, पटकन सापडते. १०० पर्यंत जायचं असेल तर १.६ च्या आसपास रहा. आणि झिरो असा ठेवा की गोळी पोस्टच्या माथ्याच्या कडेवरच लागेल, निशाण्याखाली माशी धरायची ती टार्गेटवाली पद्धत काळ्या गोल ठिपक्यासाठी ठीक आहे, जनावराच्या अंगावर असा ठिपका नसतो.

रंगाचं म्हणाल तर तोंड तेल काढून साफ करा, आधी पांढरा थर, तो वाळला की वर फ्लोरोसेंट नारिंगी, पातळ. पांढरा थर टाळला तर नारिंगी मळकट दिसतो, सगळा फरक त्या पांढऱ्याने पडतो. रंगाने वरची कड गोल होऊ देऊ नका. पोस्टचं तोंड वरच्या बाजूला ४५ अंशात आकाशाकडे कललेलं असेल तर फारच छान, आकाशाचा उजेड थेट त्यावर पडतो, आणि तिथे छोटासा पितळी तुकडा बसवलेल्या पोस्ट मिळतात त्या मला सगळ्यात आवडतात.

प्रश्न : फायबर ऑप्टिक घेतोय. लाल घेऊ की हिरवी? माझी शिकार बहुतेक संध्याकाळची असते.

हिरवी. भरदिवसा आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो आणि उजेड कमी झाला की ही संवेदना अजून निळ्या बाजूला सरकते, त्यामुळे सांजेला लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो. आणि लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष बरेच असतात, त्यांना लाल ठिपका तपकिरी जनावरावर सापडतच नाही. लालचा फायदा एवढाच की हिरव्यागार पानांत दिवसा ती वेगळी उठून दिसते.

पण फायबरला बॅटरी नसते हे लक्षात ठेवा, ती आजूबाजूचा उजेड अंगातून गोळा करून टोकाला देते. उजेड संपला की तीही संपली. उलट कडक उन्हात ती इतकी पेटते की तिच्याभोवती वलय येतं आणि माशी आहे त्यापेक्षा जाड वाटते. म्हणून बारीक काडीची, साधारण १ मिमीची, आणि धातूच्या पोस्टमध्ये बसवलेली घ्या, म्हणजे काडी झाडाझुडपात तुटली तरी खाली पोस्ट शिल्लक असते. प्लास्टिकच्या बॉडीची शिकारी रायफलवर नकोच.

ट्रिटियमचं (किरणोत्सारी वायू, त्याची बारीक नळी माशीत बसवतात) पण एकाने विचारलंय. ते स्वतः उजळतं, पण त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे, म्हणजे १२ वर्षांनी उजेड निम्मा. आणि माशी दिसते पण जनावर नीट दिसत नाही एवढ्या अंधारात गोळी झाडायचीच नाही, त्यामुळे शिकारीसाठी मी त्यावर खर्च करणार नाही.

प्रश्न : वय ५८. माशी धुरकट दिसते. जाड माशी घेऊ का?

आधी मागचं भोक लहान करून बघा. लहान भोकातून बघितलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त रेखीव दिसतं, पिनहोल कॅमेऱ्याचंच तत्त्व. ५ मिमीचं मोठं भोक वापरत असाल तर ३ मिमीचं लावा, फरक लगेच जाणवेल, फक्त सांजेला अंधारून येतं म्हणून मोठं खिशात ठेवा आणि उजेड गेला की बदला. त्याउपर नाही भागलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून लांबच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ वाढवलेला वेगळा चष्मा करून घ्या, माशी सुधारते आणि जनावर फार धूसर होत नाही. प्रोग्रेसिव्ह (वरून खाली नंबर बदलत जाणाऱ्या) चष्म्याने त्रास होतो, गाल स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) टेकवला की नजर काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून जाते. एवढं सगळं करून मग थोडी जाड, रंगवलेली पोस्ट घ्या, पण धुरकटपणाला जाडी हे पहिलं औषध नाही.

प्रश्न : माशीवरचं गोल हूड (झाकण) ठेवू की काढू?

रेंजवर ठेवा, चमक अडवतं. शिकारीला काढा, सांजेचा उजेड खातं, चिखल-बर्फ अडकतो, आणि फायबर असेल तर तिला उपाशीच मारतं. माशी वाकायची भीती वाटत असेल तर दोन बाजूंना कान असलेला बेस घ्या, पण कान बाहेरच्या बाजूला कललेले हवेत, सरळ उभे कान घाईत माशीच वाटतात.

प्रश्न : डव्हटेलमधली माशी मी स्वतः बदलू शकतो का?

हो. रायफल रिकामी, चेंबर (गोळी बसते ती जागा) बोटाने तपासलेला, बॅरल लाकडी ठोकळ्यांत घट्ट धरलेली. नेमबाजाच्या बाजूने बघताना जुनी माशी डावीकडून उजवीकडे काढायची आणि नवी उजवीकडून डावीकडे बसवायची ही रीत, पितळी किंवा नायलॉन पंचाने, लोखंडी पंच थेट लावू नका. माशी साधारण अर्ध्यापर्यंत अंगठ्याने शिरली आणि पुढे हलक्या ठोक्यांनी गेली तर फिट बरोबर. पूर्ण हाताने सरकत असेल तर सैल आहे, ती धक्क्यांनी हलणार. फारच घट्ट असेल तर माशीचा तळ हळूहळू घासा, बॅरलवरची खाच कधीच नाही, माशी दुसरी मिळते. झिरो झाला की माशी आणि बेसवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा, पुढे कधी सरकली तर बघताक्षणी कळतं.