पायी भटकंतीत नदीकाठचे पक्षी टिपायचे असतील तर

पहिल्याच भटकंतीला तीन लेन्स घेऊन निघू नकोस. दिवसभर चालायचं आहे, दुपारपर्यंत त्या ओझ्यापायी कॅमेरा बाहेर काढायचाही कंटाळा येईल. ३०० मिमीपर्यंतची एक झूम पुरे.

नवे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते पक्ष्याच्या मागे धावून. खंड्या ठरावीक फांदीवर परत परत येऊन बसतो. ती फांदी हेरायची, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि काठावर गुपचूप बसून राहायचं. अर्धा तास गेला तरी जाऊ दे! बसल्यामुळे कॅमेराही पाण्याच्या जवळ येतो आणि फोटोत एकदम जीव येतो.

बाकी सध्या एवढंच:
- फोकस डोळ्यावर.
- उडत्या पक्ष्यासाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. त्यासाठी आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) वाढला तरी घाबरू नकोस.
- पांढरा बगळा उन्हात फटफटीत येतो, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं उतरव.

काठाच्या मातीत बीळ दिसलं आणि खंड्या चोचीत मासा धरून जवळपास घुटमळत असेल, तर लगेच मागे सर. आत पिल्लं असतात, आपण हटेपर्यंत ती उपाशी राहतात.

रॉ फाइल, मॅन्युअल मोड हे सगळं नंतर बघू. आधी उजाडताच निघ.